बदला : बाजारातील एका शब्दाचा अर्थ

एकच शब्द निरनिराळ्या व्यवसायांत निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो, हे आपण नेहमी पाहतो. 'धार' गवळ्याच्या तोंडी दुधाची असते, तर लोहाराच्या तोंडी कोयत्याची. 'बदला' हा शब्दही असाच आहे. इतिहासाच्या तासाला तो ऐकला की विद्यार्थ्यांच्या मनात सूड उभा राहतो. पण मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर पिढ्यान् पिढ्या हाच शब्द उच्चारला जाई तेव्हा त्यात सुडाचा लवलेशही नसे. ठरलेल्या दिवशी द्यावयाचे पैसे पुढच्या मुदतीवर टाकण्याची जी रीत, तिला तेथे 'बदला' म्हणत. आणि या सवलतीसाठी जी रक्कम मोजावी लागे तिलाही 'बदला' हेच नाव होते.

मूळ अरबी 'बदल' या शब्दाचा अर्थ एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू येणे असा आहे. आपला 'मोबदला' हा शब्दही त्याच कुळातला होय. तेव्हा शेअरबाजारातील बदला म्हणजे सवड मिळाल्याबद्दल दिलेला मोबदला, असे ध्यानात ठेवले तर हा शब्द सहसा विसरला जाणार नाही.

शेअरबाजारातील ही पद्धत २००१ साली बंद झाली. मग बंद पडलेल्या रीतीचा अभ्यास कशासाठी करावयाचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, रीत गेली तरी तिच्या मुळाशी असलेला व्यवहार गेलेला नाही. पैसे आज न देता उद्या देणे, आणि त्या उद्यासाठी किंमत मोजणे, हे आजही बाजारात व घराघरांत चालू आहे. बदल्याचा हिशेब ज्याला नीट समजला, त्याला इतर अनेक व्यवहारांचे मर्म आपोआप उलगडते.

वलण आणि मुदत

प्रथम थोडी पूर्वतयारी करू. एखादा मोठा कारखाना काढावयाचा तर पुष्कळ भांडवल लागते. ते एका माणसाजवळ नसते, म्हणून कंपनी आपल्या भांडवलाचे लहान लहान समान भाग करून ते लोकांना विकते. अशा एका भागास शेअर म्हणतात. ज्याच्यापाशी शेअर असतो तो त्या प्रमाणात कंपनीचा मालक. पुढे त्याला पैशांची गरज पडली तर तो आपला शेअर दुसऱ्यास विकू शकतो, आणि ही खरेदीविक्री दलालांमार्फत जेथे चालते तो शेअरबाजार.

भाजी घेताना आपण एका हाताने पैसे देतो व दुसऱ्या हाताने जुडी घेतो. शेअरबाजारात पूर्वी तसे होत नसे. दिवसभर तोंडी सौदे होत, दलाल ते आपल्या वहीत टिपून ठेवीत, आणि एका ठराविक काळातील सगळ्या सौद्यांचा हिशेब शेवटी एकदम चुकता होई. या काळाला व त्याच्या शेवटी होणाऱ्या फेडीला मुंबईच्या बाजारात 'वलण' म्हणत. आपण बडोदेकर रोज गुजराती ऐकतो, त्यामुळे हा शब्द आपल्या कानांना परका वाटू नये. वलण पुष्कळ काळ पंधरवड्याचे असे. पुढे ते आठवड्याचे झाले. वलणाच्या अखेरीस खरेदी करणाऱ्याने पैसे आणून द्यावयाचे आणि विकणाऱ्याने शेअर आणून द्यावयाचे, असा नियम होता.

सौदा करणे आणि पैसे देणे या दोन गोष्टींमध्ये असा काही दिवसांचा अवकाश राहिला, आणि या अवकाशातच बदल्याचा जन्म झाला. पैसे आज द्यावयाचे नाहीत म्हटल्यावर, जवळ पैसे नसलेला मनुष्यही खरेदीचा सौदा करू लागला. त्याची आशा अशी की, वलण संपण्यापूर्वी भाव वाढेल, आपण शेअर विकून टाकू आणि मधला फरक तेवढा खिशात घालू. भाव वाढेल या भरवशावर खरेदी करणाऱ्याला 'तेजीवाला' म्हणतात. भाव उतरेल या भरवशावर, हातात शेअर नसतानाही आधी विकून मोकळा होणारा तो 'मंदीवाला'.

मुदत आली, पैसे नाहीत

आता समजा, एका तेजीवाल्याने एका कंपनीचे १०० शेअर प्रत्येकी २०० रुपये भावाने घेतले. सौद्याची रक्कम २०,००० रुपये झाली. वलण संपत आले, पण भाव होता तेथेच आहे. आता विकावे तर नफा नाही, आणि शेअर घरी न्यावेत तर २०,००० रुपये आणावयाचे कोठून? भाव पुढे वाढेल अशी आशा मात्र त्याच्या मनात कायम आहे. अशा वेळी तो आपल्या दलालास सांगे, "माझा सौदा बदल्यावर पुढे ओढा."

त्यासाठी बाजाराचा एक खास वेळ राखून ठेवलेला असे. मुंबईच्या बाजारात बदल्याचे हे काम शनिवारी होई. तेथे आपले पैसे व्याजाने लावू इच्छिणारे लोक येत. तेजीवाल्याच्या वतीने ते चालू वलणाचे पैसे भरीत, शेअर आपल्याकडे तारण म्हणून ठेवीत आणि पुढच्या वलणात तेच शेअर थोड्या वाढीव भावाने तेजीवाल्याला परत विकण्याचा करार करीत. ही जी थोडी वाढ, तोच बदला. कागदोपत्री एका वलणात विक्री व दुसऱ्या वलणात पुनश्च खरेदी असे त्याचे रूप असे. परंतु व्यवहाराचा गाभा पाहिला तर ते शेअरांच्या तारणावर घेतलेले कर्जच होते.

बदल्याचा दर सरकार किंवा बँक ठरवीत नसे. सौदे पुढे ओढणारे तेजीवाले पुष्कळ आणि पैसा लावणारे थोडे असले की दर चढे. उलट असले की उतरे. म्हणून अनुभवी माणसे बदल्याच्या दराकडे पाहून बाजाराची नाडी ओळखीत. दर फार चढला, म्हणजे उसन्या पैशांवर खरेदी करणाऱ्यांची गर्दी झाली आहे, हे त्यांना कळून चुके.

आपल्या उदाहरणात बदला दर शेअरामागे दीड रुपया ठरला असे धरू. १०० शेअरांमागे १५० रुपये झाले. २०,००० रुपयांच्या सौद्यावर १५० रुपये ही रक्कम ऐकावयास किरकोळ वाटते. टक्केवारी काढली तर ती अवघी पाऊण टक्का येते. पण ही पाऊण टक्का वर्षाची नव्हे, चौदा दिवसांची आहे, हे विसरता कामा नये. वर्षात असे २६ पंधरवडे येतात. पाऊण टक्क्यास २६ ने गुणिले तर वर्षाला साडेएकोणीस टक्के होतात! लहान मुदतीचा दर नेहमी लहान दिसतो. म्हणून कोणताही दर ऐकला की 'किती?' या प्रश्नाबरोबरच 'किती दिवसांचा?' हा प्रश्न विचारण्याची सवय गणिताच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

भाव उतरला तर?

बदला भरून मुदत वाढते. पण उतरलेला भाव त्यामुळे वर येत नाही. प्रत्येक वलणाच्या शेवटी बाजार एक हिशेबाचा भाव जाहीर करी. त्याला 'हवाला भाव' असे नाव होते. जुना सौदा या भावाने मिटवावयाचा, झालेला फरक रोख भरावयाचा, आणि मग पुढच्या वलणात हवाला भाव अधिक बदला एवढ्या किमतीने सौदा नव्याने मांडावयाचा, अशी रीत होती.

आपल्या तेजीवाल्यापाशी स्वतःचे ३,००० रुपये आहेत असे समजू. पहिल्या वलणाच्या अखेरीस हवाला भाव १९० झाला. २०० ला घेतलेल्या शेअरांवर दहा दहा रुपये उतरले, म्हणून त्याने १,००० रुपये भरले आणि सौदा १९१ रुपये ५० पैशांवर पुढे गेला. दुसऱ्या वलणात भाव १७५ वर आला. आता फरक साडेसोळा रुपयांचा, म्हणजे १०० शेअरांमागे १,६५० रुपयांचा. तेही त्याने भरले. सौदा १७६ रुपये ५० पैशांवर तिसऱ्या वलणात गेला, आणि त्याच्या हाती उरले केवळ ३५० रुपये. तिसऱ्या वलणाच्या शेवटी भाव १५० झाला. आता द्यावयाचे २,६५० रुपये, आणि हाती ३५०. म्हणजे स्वतःचे तीन हजार तर गेलेच, वर २,३०० रुपयांचे देणे डोक्यावर बसले.

ताळा करून पाहा. शेअराचा भाव २०० वरून १५० झाला, म्हणजे १०० शेअरांमागे ५,००० रुपये उतरले. दोनदा सौदा पुढे ओढला, त्याचे बदल्याचे ३०० रुपये. एकूण ५,३००. भरलेले १,००० व १,६५० आणि भरावयाचे २,६५० मिळूनही ५,३०० च होतात. या सबंध काळात शेअराचा एक कागदसुद्धा त्याच्या हातास लागला नाही.

याच वेळी दुसऱ्या एका गृहस्थाने पदरचे २०,००० रुपये देऊन तेच १०० शेअर घेतले असते तर काय झाले असते? भाव १५० वर आल्यावर त्याच्याही मालमत्तेची किंमत ५,००० रुपयांनी घटली असती. पण त्याच्या दारात तगाद्याला कोणी आले नसते. शेअर त्याच्या पेटीत राहिले असते, कंपनीने लाभांश वाटला तर तो त्याला मिळाला असता, आणि वर्षा-दोन वर्षांनी भाव पुनः चढण्याची वाट पाहण्यास तो मोकळा राहिला असता. पहिल्या माणसाचा अंदाज शेवटी खरा ठरला असता तरी त्याचा त्याला काही उपयोग नव्हता. कारण भाव वर येण्याच्या आधीच तो बाजारातून बाहेर फेकला गेला होता. दोघांचा अंदाज एकच, नुकसानही जवळपास सारखेच. तरी एक तगला आणि दुसरा बुडाला. फरक एवढाच की, पहिल्याला मुदतीच्या तारखेने बांधले होते आणि दुसऱ्याला बांधले नव्हते.

उंधा बदला आणि लंडनचे दोन शब्द

आतापर्यंत आपण पैसे नसलेल्या खरेदीदाराची गोष्ट पाहिली. कधी कधी अडचण दुसऱ्या बाजूस येई. मंदीवाल्यांनी हाती नसलेले शेअर भरमसाट विकून ठेवलेले असत आणि वलणाच्या शेवटी ते आणून देणे त्यांना अशक्य होई. शेअर मुदतीवर मिळाले नाहीत तरी चालेल, असे खरेदीदाराने म्हणावे यासाठी मग विकणाराच त्याला पैसे देई. पैशांचा ओघ असा उलट दिशेने वाहू लागला की त्याला 'उंधा बदला' म्हणत. 'उंधा' म्हणजे उलटा. मडके उलटे पुरून शिजवलेले उंधियू हिवाळ्यात आपण आवडीने खातो. त्यातला 'उंधा' तो हाच. खरेदीदाराने द्यावयाचा जो नेहमीचा, तो 'सीधा बदला'.

ही कल्पना केवळ मुंबईची होती असे नाही. लंडनच्या शेअरबाजारातही एकोणिसाव्या शतकात साधारणपणे पंधरवड्याने हिशेब चुकता होई. पैसे देण्याची मुदत पुढच्या हिशेबावर टाकण्यासाठी खरेदीदार जी रक्कम देई तिला तेथे 'काँटँगो' म्हणत. 'पुढे चालू ठेवणे' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश होऊन तो बनला असावा, असे मानले जाते. उलट, शेअर देण्याची मुदत वाढवून मिळावी म्हणून विकणारा जी रक्कम देई तिला 'बॅकवर्डेशन' असे नाव होते. सीधा बदला व उंधा बदला यांची ही लंडनमधील भावंडेच म्हणावयाची.

पुढे या दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ पालटला. धान्य, कापूस, धातू, खनिज तेल अशा मालाच्या वायदेबाजारात, पुढील महिन्यांत मिळावयाच्या मालाचा भाव आजच्या भावापेक्षा जास्त असला की त्या स्थितीस आता काँटँगो म्हणतात. कमी असला की बॅकवर्डेशन. तरी मूळ अर्थाशी त्यांचे नाते तुटलेले नाही. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने आज गहू घेऊन सहा महिन्यांनी विकावयाचे ठरविले. त्याला वखारीचे भाडे द्यावे लागेल, विमा उतरावा लागेल, किडीमुळे होणारी घट सोसावी लागेल आणि गुंतलेल्या पैशांवर व्याजही चढेल. हा सर्व खर्च सहा महिन्यांनंतरच्या भावात मिसळणारच. म्हणजे थांबण्याची किंमत येथेही मोजावी लागते. परंतु आज मालाची टंचाई असेल तर लोक उद्याच्या मालापेक्षा आजच्या मालाला अधिक किंमत देतात, आणि गणित उलटे होते.

साठवणुकीची ही किंमत कोणत्या थराला जाऊ शकते, हे २० एप्रिल २०२० रोजी जगाने पाहिले. करोनाच्या साथीमुळे वाहने थांबली होती, तेलाचा खप घसरला होता, आणि अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात कुशिंग येथे असलेल्या तेलाच्या टाक्यांत मोकळी जागा मिळणे दुरापास्त झाले होते. मे महिन्यात ताबा घ्यावयाच्या तेलाच्या वायद्याचा भाव त्या दिवशी बाजार बंद होताना उणे ३७.६३ डॉलरवर गेला. म्हणजे 'हे पिंप घ्या आणि वर पैसेही घ्या' असे विकणारे म्हणू लागले. त्याच दिवशी जून महिन्याच्या वायद्याचा भाव मात्र २० डॉलरांच्या वर होता. तेल तेच, परंतु एका महिन्याच्या मुदतीने एवढे अंतर पडले होते.

मुदतीचे सौदे आणि १८६५ चे वर्ष

एका माणसाचे देणे थकले तर त्याचे एकट्याचे नुकसान होते, असे आपल्याला वाटते. बाजारात तसे घडत नाही. आपल्या उदाहरणातील तेजीवाल्याने २,३०० रुपये दिले नाहीत, तर ते त्याच्या दलालास भरावे लागतात. अशी दहा गिऱ्हाइके एकदम बुडाली तर दलालही बुडतो. ज्या दुसऱ्या दलालाला त्याच्याकडून पैसे यावयाचे असतात तो त्या भरवशावर तिसऱ्याला शब्द देऊन बसलेला असतो. भिंतीतली एक वीट निसटली की तिच्यावरच्या विटाही ढासळू लागतात, तसा हा प्रकार असतो.

मुंबईने हा अनुभव फार लवकर घेतला. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाला अतोनात भाव आला आणि मुंबईत पैशांचा पूर लोटला. त्या पैशांतून नव्या नव्या बँका व कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या योजनांच्या शेअरांवर तर लोकांच्या उड्या पडू लागल्या. पुष्कळ सौदे रोखीचे नव्हते. काही महिन्यांनी, अमुक तारखेस पैसे देऊ, अशा बोलीचे ते मुदती सौदे होते. तारीख दूर होती, म्हणून किंमत कोणाला जड वाटत नव्हती.

१८६५ च्या एप्रिल महिन्यात जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि ते युद्ध संपुष्टात आले. ही बातमी मुंबईस पोहोचली, कापसाचा भाव कोसळला आणि त्यापाठोपाठ शेअरही गडगडले. अशा सौद्यांच्या फार मोठ्या भागाची मुदत १ जुलै १८६५ ही होती. तो दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्यांपाशी पैसे नव्हते, आणि त्यांच्याकडून पैसे येतील म्हणून ज्यांनी इतरांना शब्द दिले होते त्यांच्यापाशीही नव्हते. 'बँक ऑफ बॉम्बे'चा जो शेअर तेजीत २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांस विकावा लागला. ती बँकही सावरू शकली नाही. १८६८ साली तिचा कारभार गुंडाळून त्याच नावाची दुसरी बँक उभारावी लागली. त्या काळी बाजाराचे सर्वांत मोठे नाव असलेले प्रेमचंद रायचंद यांच्यावरही दिवाळखोरीची पाळी आली. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि ज्यांच्या मातोश्रींचे नाव त्याला दिले गेले, ते हेच गृहस्थ. पुढे १८७५ मध्ये दलालांनी एकत्र येऊन आपला संघ स्थापन केला. आजच्या मुंबई शेअरबाजाराची ती सुरुवात होय.

बंदी, परवानगी आणि पुन्हा बंदी

इतके होऊनही मुदतीच्या सौद्यांचा मोह सुटला नाही, आणि त्याला कारणही होते. बदल्यामुळे बाजारात खरेदीदार व विक्रेते भरपूर राहत. खरोखर शेअर विकावयाचे असणाऱ्याला गिऱ्हाईक चटकन मिळे. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांना तारणावर चांगले व्याज मिळे. म्हणून या रीतीस सर्वस्वी वाईट म्हणणे न्यायाचे होणार नाही. दोष होता तो मर्यादेचा. थोड्या अनामतीवर फार मोठे सौदे उचलता येत, आणि बदला भरीत राहिले की ते वलणामागून वलण लांबविता येत. चूक झाली आहे हे कबूल करण्याचा दिवस पुढे ढकलण्याची सोयच जणू बाजाराने करून दिली होती.

सरकारने २७ जून १९६९ रोजी शेअरांच्या मुदती सौद्यांवर बंदी घातली. तरी बदला निरनिराळ्या रूपांनी डोके वर काढीतच राहिला आणि १९८३ पासून मुंबईच्या बाजारात निवडक शेअरांसाठी तो नियमित रीतीने चालू झाला. १९९२ च्या गाजलेल्या घोटाळ्यानंतर 'सेबी' या नियामक संस्थेने डिसेंबर १९९३ मध्ये तो थांबविण्याचा आदेश काढला. पुढे दोन-एक वर्षांनी, मुदतीवर व अनामतीवर कडक अटी घालून त्याला पुन्हा परवानगी दिली. मार्च २००१ मध्ये बाजार कोसळला आणि कलकत्त्याच्या शेअरबाजारात दलालांची देणी थकली. तेव्हा मात्र निर्णय पक्का झाला. जुलै २००१ पासून बदला बंद झाला.

त्याबरोबर वलणही गेले. प्रत्येक दिवसाच्या सौद्यांचा हिशेब स्वतंत्रपणे, ठराविक दिवसांत चुकता करण्याची पद्धत आली. आरंभी ही मुदत पाच दिवसांची होती. एप्रिल २००२ मध्ये ती तीन दिवसांवर व एप्रिल २००३ मध्ये दोन दिवसांवर आली. २७ जानेवारी २०२३ पासून तर सौद्याच्या दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी फेड करावी लागते. ज्या अवकाशात बदला जन्मला, तो अवकाशच असा आक्रसत गेला.

मग पुढच्या भावावर पैज लावण्याची हौस संपली काय? नाही. जून २००० पासून निर्देशांकाचे आणि नोव्हेंबर २००१ पासून निवडक शेअरांचे वायदे आपल्या देशात रीतसर सुरू झाले आहेत. त्यांत रोजच्या रोज नफातोट्याचा हिशेब होतो आणि अनामतही कसून घेतली जाते, त्यामुळे सबंध बाजार बुडण्याचे भय पुष्कळ कमी झाले आहे. परंतु बाजार सुरक्षित झाला म्हणून त्यात उतरणारा मनुष्य सुरक्षित झाला, असे होत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व तत्सम सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्या सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. शंभरांत त्र्याण्णव! वर्गात परीक्षेचा असा निकाल लागला तर आपण अभ्यासक्रमच तपासून पाहू.

आपल्यासाठी तात्पर्य

आपल्यापैकी बहुतेकांचा शेअरबाजाराशी संबंध येणार नाही. परंतु बदल्याशी मात्र प्रत्येकाचा येईल. क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा आकडा छापलेला असतो. तेवढाच भरून बाकीची रक्कम पुढच्या महिन्यावर टाकणे, हा नव्या वेषातला बदलाच होय. दरमहा ३ टक्के हा दर सौम्य वाटतो, पण सरळ हिशेबानेच तो वर्षाला ३६ टक्के होतो. 'आज वस्तू घ्या, पैसे मागाहून द्या' असे सांगणाऱ्या जाहिराती आता प्रत्येकाच्या हातातील फोनवर येतात. पूर्वीच्या दुकानदाराची 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी वाचून गिऱ्हाईक हसे. त्या विनोदाने कित्येकांचे संसार सावरले असतील.

कर्ज घेऊच नये, असे या लेखाचे म्हणणे नाही. घर बांधण्यासाठी, शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी शहाणी माणसेही कर्ज काढतात आणि ते फेडून सुखी होतात. म्हणणे इतकेच की, पैसे देण्याची तारीख पुढे ढकलताना तीन प्रश्न कागदावर लिहावेत आणि त्यांची उत्तरे आकड्यांत काढावीत. या सवलतीची किंमत वर्षाच्या हिशेबाने किती टक्के पडते? तारीख पुनः पुनः ढकलावी लागली तर एकूण किती द्यावे लागेल? आणि आपला अंदाज चुकला, तर ती रक्कम कोठून आणावयाची?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने तो सौदा करू नये. हे उत्तर आपण आधी शोधून ठेवले नाही, तर मुदतीच्या दिवशी ते घरच्या माणसांना शोधावे लागते.